टाल्के आजीचा न संपणारा चहा

लेअर, ४ नोव्हेंबर २०१२

फोल्कमार,

तुझा ई-मेल पोचला. तुझा म्हणजे तुझ्या सहायिकेचा. खाली नाव तुझं होतं, पण 'आपणांस नम्र विनंती' असं तू मला जन्मात कधी लिहिलेलं नाहीस. तिचा दोष नाही. ही बाई आणि आपले साहेब एकेकाळी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून गेम बनवत होते आणि गेली नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नसणार. म्हणून उत्तर कागदावर आणि तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. हे पाकीट तरी तू स्वतः उघडशील.

विचारलंयस ते असं: भरतीत बुडणाऱ्या हालीग बेटावरचा आपला शेवटचा गेम, 'हालीगवरचा पाहुणा', मार्चमध्ये नव्याने निघतोय, आणि २००३ साली त्यातून 'वगळला गेलेला' धक्क्यावरच्या चहाच्या दुकानाचा प्रसंग माझ्याकडे आहे का?

आहे. चित्रं, हालचाली, आवाज, अख्ख्या गेममध्ये बसवलेलं सगळं आहे. एका डिस्कवर. दुसरी प्रत जगात नाही, कारण ती तू पुसलीस.

मिळेल का? ते पुढे सांगते. आधी मला हे कोडं एकदा सरळ शब्दांत लिहून काढायचंय, कारण तुझ्या तोंडून ते इतक्या वेळा ऐकलंय की माझं मलाच ओळखू येईनासं झालंय.

गेमचा नायक कोनराड, जमीन मोजणारा पोरगा, टाल्के आजीच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. त्याला होडीघराची किल्ली हवी आहे. किल्ली आजीच्या पाठीमागे खिळ्याला. आजी समोर बसून चहा ओतते. कप रिकामा झाला की पुन्हा भरते. 'आणखी एक घे रे पोरा.' ती कप विसळायला उठेल तेव्हाच किल्लीला हात घालता येईल. आणि आमच्या या समुद्रकाठच्या ओस्टफ्रीसलंडात पाहुण्याने चमचा कपात ठेवला की त्याचा अर्थ 'आता पुरे'. तोवर ओतत राहायचं, हा यजमानाचा धर्म. कोनराडने चमचा कपात ठेवला की आजी उठते. एवढंच उत्तर.

हे म्युनिकच्या पोराला कसं कळावं? कळणारच नाही. म्हणूनच तर मी आधी धक्क्यावरचं दुकान लिहिलं होतं. तिथे ओनो नावाचा कोळी बसलाय, मालकीण ओततेय, आणि तो गप्पांच्या भरात चमचा कपात ठेवून म्हणतो, 'बास बाई, भरती काय माझ्यासाठी थांबायची नाही.' ती किटली उचलून आत जाते. कुणी बोट दाखवत नाही, कुणी शिकवत नाही. खेळणारा ते बघतो आणि विसरतो. मग आजीसमोर तिसऱ्या-चौथ्या कपाला त्याला ओनो आठवतो. चांगलं कोडं सुटलं की माणूस स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतो. वाईट कोड्याचं उत्तर कळलं की तो बनवणाऱ्याच्या कपाळाकडे धावतो.

नऊ वर्षं लोक माझ्या कपाळाकडे धावताहेत. मी फ्लूने आठवडाभर घरी होते, गेम डिस्कवर छापायला जायचा होता, दुकानातल्या हालचाली अडखळत होत्या, म्हणून तू तो प्रसंग काढून टाकलास. मला ते बाजारातून विकत आणलेल्या डिस्कवरून कळलं. आणि गेम बाहेर आल्यावर लोक ओरडायला लागले तेव्हा तू त्या गेमच्या मासिकाला सांगितलंस, 'ते कोडं फेनाचं. मी सांगून सांगून थकलो. पण ओस्टफ्रीसलंडच्या माणसाला कोण समजावणार?' पुढे कंसात 'हशा' छापलंय.

तेव्हा माझी अट. त्याच मासिकात लिही की दुकानाचा प्रसंग मी काढला, फेनाने नाही. तुझ्या नावानिशी. ते छापून आलं की डिस्क टपालात.

फेना


लेअर, २५ नोव्हेंबर २०१२

फोल्कमार,

फोन केलास. निदान आवाज तरी ऐकला. जाड झालायस का? आवाजावरून वाटलं.

तू म्हणालास, 'फेना, किती वर्षं झाली! कशाला उगाळत बसलीयस? लोक विसरलेत.' लोक काय विसरलेत ते ऐक. मी सध्या पोटासाठी शहरात पाहुण्यांना फिरवत कोडी सोडवायला लावते आणि मिळेल तिथे कोडी लिहून देते. ब्रेमेनच्या एका मुलांच्या संग्रहालयात बोलणी करायला गेले होते. समोरचा मुलगा तिशीचाही नसेल. माझं नाव वाचून म्हणाला, 'उबेन? त्या चहावाल्या? बाई, आमच्याकडे चमचा नाही लागणार ना?' आणि हसला. वाईट मनाने नाही. सगळेच हसतात तसा. काम दुसऱ्याला दिलं. आम्हा ओस्टफ्रीसलंडवाल्यांच्या मूर्खपणाचे विनोद आधीच देशभर पोत्याने होते, त्यात तू एक माझ्या नावाचा भरलास: ओस्टफ्रीसलंडवाल्या बाईने कुलूप बनवलं. किल्ली कुठाय? आधी चहा घ्या.

मग म्हणालास, 'पण मला खरंच वाटलं, की चमच्याचं सगळ्यांना माहीत असतं.' हे मात्र मी मानते. खरंच वाटलं असणार. कारण पहिल्यांदा माझ्या घरी आलास तेव्हा पोट फुटेपर्यंत चहा प्यायलास आणि शेवटी माझ्या बाबांनी तुझा चमचा उचलून तुझ्या कपात टाकला. त्या दिवसापासून तुला ते माहीत, आणि आधी माहीत नव्हतं हे तू विसरलास. कोडी लिहिणाऱ्याने सगळं विसरावं, पण आपल्याला एकदा काय माहीत नव्हतं ते विसरू नये. तू हुशार आहेस. हुशार माणसं तेच आधी विसरतात. पण ती झाली चूक. चुकीचा मी सूड घेत नाही. मासिकातल्या वाक्याचा घेतेय.

आज मृतांचा रविवार. बाबांच्या थडग्यावर जाऊन आले. ओनो कोळ्याचा आवाज त्यांचा होता, हे तुला आठवतं का? त्यांनी ते एक वाक्य बंधाऱ्यावरच्या मेंढ्यांना ऐकवून ऐकवून घोटलं होतं. गेम आल्यावर भजनमंडळीच्या दोस्तांनी गुत्त्यात पडदा लावला. सगळे ओनोची वाट बघत बसले. कोनराड धक्क्यावर उतरला, दुकानाचं दार बंद होतं, तो तसाच पुढे गेला. दोस्त म्हणाले, 'हिनरिक, तू कुठायस?' बाबा म्हणाले, 'आपला आवाज बसका. काढला असेल त्यांनी. बरोबरच आहे.' मी शंभरदा सांगितलं की तसं नाही. त्यांना वाटलं, मुलगी समजूत घालतेय. २००९ मध्ये तेच समजून गेले.

आणि फोन ठेवता ठेवता वकिलाचं नाव काढलंस. काढ. कायद्याने ती डिस्क कंपनीचीच असेल. वकील पाठव. माझ्या घरात शोधू दे त्याला. चहा देईन.

फेना


लेअर, १६ डिसेंबर २०१२

फोल्कमार,

मासिकाचा डिसेंबरचा अंक बघितला. तुझी चार पानी मुलाखत आहे. नवी चित्रं, नवं संगीत, 'चाहत्यांसाठी एक हरवलेला प्रसंग परत आणायचा प्रयत्न'. हरवलेला! माझं वाक्य कुठेच नाही.

ठीक आहे. मग मी तुझ्यासाठी एक कोडं बनवलंय. खूप वर्षांनी इतकं मन लावून काही बनवलं.

मी हॅम्बुर्गला, बार्मबेकला जाऊन आले. तुझ्या आईकडे.

घरी नव्हत्या. शेजारणीने त्यांच्या भाड्याच्या बागेकडे बोट दाखवलं. नळ थंडीसाठी बंद केलेले, बागांची सगळी वसाहत ओसाड, आणि तुझी आई एकटी पानं गोळा करतेय.

'पोरी, केस पांढरे झाले की तुझे,' म्हणाल्या. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

'तुमचे तर तेव्हाच झाले होते, फ्राउ टीले.'

'म्हणून मला कुणी म्हातारी झालीस म्हणत नाही. बस. बाक ओला आहे, वर्तमानपत्र घे खाली. ते पान नको, त्यावर फोल्कीचा फोटो आहे.'

थर्मासातून कॉफी ओतली. मूळच्या थुरिंगियाच्या, कॉफीवाल्या मुलखातल्या या बाईने मला कधी चहा दिलेला आठवत नाही. शेजाऱ्याचं झुडपांचं कुंपण पार डोक्याच्या वर गेलं होतं. मी म्हटलं, 'हे तुम्ही चालवून घेता?' आठवतं ना तुला, त्या बागमंडळाच्या चिटणीस होत्या, कुंपण मोजायची काठी घेऊन फिरायच्या आणि दाढीवाले बाप्ये झुडपामागे लपायचे?

'मी सोडलं ते,' म्हणाल्या. 'डोकं चालेनासं झालं.'

'डॉक्टर म्हणाले?'

'डॉक्टर कशाला? तुमचा तो शेवटचा गेम. आधीचे सगळे सोडवले होते की नाही मी? तुम्ही दोघं मागे बसायचात, तोंडं शिवून.'

आपला नियम. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात कॉम्प्युटर, ती खेळणार, आपण मागे बसणार, जो पहिला बोलेल तो भांडी घासणार. जे फ्राउ टीलेंना अडतं ते कोड्यात चुकलंय, असं आपण धरून चालायचो. शेवटच्या गेमला तो नियम पाळायला तुला वेळ नव्हता.

'हा मात्र महिनाभर घेऊन बसले,' त्या सांगत होत्या. 'चहा मांजराला पाजला. कुंडीत ओतला. चुलीत ओतला. त्या बयेचं एकच, आणखी एक घे रे पोरा. शेवटी फोल्कीला फोन केला. म्हणाला, मुट्टी, सोपं आहे गं ते, जरा नीट विचार कर.'

'मग?'

'केला नीट विचार. आणि मंडळाला चिठ्ठी देऊन टाकली. जिला एक चहाचा कप सुटत नाही, तिने लोकांची कुंपणाची भांडणं काय सोडवायची?'

त्या हे हसत सांगत होत्या, फोल्कमार. शब्दकोडीही बंद केलीत. सून, बिर्गिट, काही बोलली की आता 'मला काय कळतंय' म्हणतात. तुझी आई, जिने मला एकदा 'तुझ्या कोड्यात खिडकीतून आत यायला काय हरकत आहे' असं विचारून तीन आठवड्यांचं काम फुकट घालवलं होतं.

मी तिथल्या तिथे सांगू शकले असते की तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, तुमच्या मुलाने उत्तराची खूण काढून टाकली होती. सांगितलं नाही. क्रूर म्हण हवं तर. पण ते वाक्य तुझं आहे. माझ्या तोंडून ते समजूत घालणं ठरलं असतं. तशी समजूत मी एकदा घालून बघितली आहे.

डिस्क त्यांना दिली. पाकिटात घालून, चिकटवून. म्हटलं, 'फोल्कमार मागायला येईल. त्याला एवढंच विचारा, हे तुला कशाला हवंय आणि तुझ्याकडे का नाही. खरं सांगितलं तर देऊन टाका.'

'आणि खरं सांगतोय हे मला कसं कळणार?'

'तुमचा मुलगा आहे.'

'म्हणून तर विचारतेय.'

उघडणार नाही असं वचन दिलंय त्यांनी.

तर हे कोडं. तुला हवी ती वस्तू कुठे आहे, कुणाकडे आहे, काय केल्यावर मिळेल, सगळं तुझ्यासमोर मांडलंय. काही लपवलेलं नाही. आडवाटेचं ज्ञान लागत नाही. बार्मबेकला जायचं, बसायचं, खरं सांगायचं.

नाताळच्या शुभेच्छा तुझ्या सहायिकेला.

फेना


लेअर, ६ जानेवारी २०१३

फोल्कमार,

तुझी आई आता मला फोन करते. तुझ्यामुळे माझे नाताळचे दिवस फार छान गेले.

आधी फुलं आली. केवढा गुच्छ! सोबत चिठ्ठी, 'मुट्टी, फेनाचं पाकीट या माणसाकडे दे.' फुलवाल्या पोराला त्यांनी नाताळच्या श्टोलेन केकचा तुकडा दिला आणि वाटेला लावलं.

मग बिर्गिट वाइन घेऊन आली. बसली, थकले म्हणाली, मुलांचं सांगितलं, कपाटावरच्या पाकिटाकडे बघत राहिली. 'सासूबाई, ते फोल्कमारचं आहे ना? मी नेऊ जाता जाता?' तुझी आई म्हणाली, 'बाळा, तुला ठाऊक आहे का त्यात काय आहे?' 'नाही.' 'मलाही नाही. मग दोघी कशाला हात लावायचा?'

मग कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक माणूस. तुझ्या आईने बोलावला नव्हता. 'मशीन चालतंय माझं,' म्हणाल्या. तो म्हणाला, 'वेळोवेळी तपासावं लागतं.' 'मग माझे गुडघेही तपासा, तेही तेवढेच जुने आहेत.'

आणि तुझा फोन. तो मला त्यांनी दोन्ही आवाजांत करून दाखवला.

'मुट्टी, फेनाने काही दिलंय तुला?'

'दिलंय.'

'मला हवंय ते.'

'कशाला?'

'कामाचं आहे.'

'मग तुझ्या कामाच्या जागी का नाही ते?'

'मुट्टी, मी मीटिंगमध्ये आहे.'

'मग मीटिंग कर.'

अडलेले खेळाडू काय करायचे आठवतं? खेळणारा अडला, विचार संपला, की खिशातली प्रत्येक वस्तू समोरच्या प्रत्येक वस्तूवर घासून बघतो. फुलं आईवर. बायको आईवर. दुरुस्तीवाला आईवर. लोकांनी असं केलं की मी कधी त्यांना हसले नाही. खूण नीट दिली नसेल तर बिचारे आणखी काय करणार? टाल्के आजीच्या घरात लाखभर माणसांनी हेच केलं, तुझ्यामुळे. पण तुला मी खूण लेखी दिली आहे. तू उत्तर शोधत नाहीयस. उत्तर द्यावं न लागता किल्ली मिळेल का, ते शोधतोयस.

मिळणार नाही.

मला दिसतंय की मार्च जवळ येतोय, आणि हरवलेला प्रसंग परत आणू असं तू छापून बसलायस. झोप लागते का? मला अलीकडे लागते.

फेना


लेअर, २७ जानेवारी २०१३

फोल्कमार,

अभिनंदन. डिस्क तुझ्याकडे पोचली.

हे पत्र लिहू नकोस असं तुझ्या आईने मला बजावलंय. मी त्यांचं ऐकणार नाही. का, ते शेवटी.

तू गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलास. केक घेऊन. त्यांनी पोर्क आणि बटाट्याचे गोळे केले होते, तू तीन वेळा वाढून घेतलेस. मग त्यांनी विचारलं, 'हे तुला कशाला हवंय आणि तुझ्याकडे का नाही?' मी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

आणि तू सांगितलंस, 'हा प्रसंग फेनानेच काढला होता. तेव्हा आमचं भांडण झालं, ती रागाने सगळं उचलून लेअरला निघून गेली आणि आता मला नाक घासायला लावतेय.'

त्या म्हणाल्या, 'नक्की, फोल्की?'

'नक्की, मुट्टी.'

'फेनाने काढला?'

'अगं हो. तिचा स्वभाव तुला माहीत आहे.'

त्यांनी उठून कपाटावरून पाकीट काढलं आणि तुझ्या हातात दिलं. सोबत उरलेले गोळे डब्यात घालून दिले. तू त्यांच्या गालाचा मुका घेतलास.

आता तुला माहीत नाही ते. नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या दिवसांत त्यांनी ते पाकीट उघडलं होतं. मी म्हटलं, 'फ्राउ टीले, तुम्ही वचन दिलं होतंत.' म्हणाल्या, 'दिलं होतं. मग?' त्यांनी मशीनवरचा विणलेला रुमाल काढला, डिस्क घातली आणि पहिल्यापासून खेळायला बसल्या. धक्क्यावर उतरल्या. दुकानाचं दार उघडं होतं. माझ्या बाबांनी त्यांना सांगितलं, बास बाई, भरती काय माझ्यासाठी थांबायची नाही. मग टाल्के आजीच्या घरी पोचल्या, एक कप प्यायल्या आणि चमचा कपात ठेवला.

मला फोन आला. म्हणाल्या, 'म्हणजे डोकं जाग्यावर होतं माझं.'

'होतं.'

'आणि हे फोल्कीने काढलं.'

मी काहीच सांगितलं नव्हतं, शपथेवर. 'तुम्हाला कसं कळलं?' विचारलं.

'त्यानेच सांगितलं होतं. त्या वर्षी, इथेच, याच टेबलाशी. म्हणाला, मुट्टी, एक आख्खा प्रसंग उडवला आज, फेना आली की किंचाळणार. हसत होता. कुठला प्रसंग ते मला काय माहीत? माझ्यासमोर तो कधी आलाच नाही.'

तू विसरलास. तू उत्तरं लक्षात ठेवतोस, कुणाला सांगितलं ते नाही.

तर गेल्या रविवारी त्यांनी तुला विचारलं तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग पाकीट दिलं. मी फोनवर भांडले. 'का दिलंत? खोटं बोलला ना तो?'

'मागितलं त्याने,' म्हणाल्या. 'आणि मला बघायचं होतं, खोटं बोलून घेतो का. घेतलं.'

जुन्या गेममध्ये एक प्रकार असायचा. खेळणाऱ्याने सुरुवातीला कुठेतरी चुकीचं पाऊल टाकलेलं असतं, पण गेम त्याला कळू देत नाही. तो पुढे जात राहतो, दारं उघडतात, संगीत वाजतं, आणि जिंकण्याची वाट मागेच बंद झालेली असते. तू म्हणायचास, त्यात थरार आहे. मी म्हणायचे, हा नीचपणा आहे; माणूस हरला असेल तर त्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे. आपण बनवलेल्या एकाही गेममध्ये मी तसं होऊ दिलं नाही.

म्हणून लिहितेय. तुझ्या आईची इच्छा होती की तुला कळू नये. तू असाच पुढे चालत राहावंस, डबे घेऊन, मुके देत. मला ते जमत नाही. आणि खरं सांगायचं तर तुझा चेहरा कसा होईल याचा विचार करत मी हे पान तिसऱ्यांदा लिहितेय, आणि तिन्ही वेळा मजा आली.

प्रसंग वापर. चांगला आहे. बाबांचा आवाज कमी करू नकोस.

तुझ्या आईने शेजाऱ्याचं कुंपण मोजलं आणि मंडळाला कळवलं की चिटणीसपद परत हवंय. का सोडलं होतं आणि का परत हवंय, तेही सगळ्यांसमोर सांगितलं. बार्मबेकच्या पन्नास बागवाल्यांना आता ठाऊक आहे की ते कोडं कुणी मोडलं. मला पन्नास पुरत नाहीत.

पण मला आता काही करावं लागणार नाही. केक खाता खाता तू स्वतःच त्यांना म्हणालास ना, 'मुट्टी, नऊ मार्चच्या समारंभाला तू स्टेजवर ये. आमची सगळ्यात पहिली खेळाडू. लोकांना फार आवडेल. माइक देतो तुला, दोन शब्द बोल'? त्या हो म्हणाल्या. तुला आनंद झाला. सहायिकेने पत्रिकेत त्यांचं नाव छापलंसुद्धा, तुझ्या नावाच्या खालोखाल.

नऊ मार्चपर्यंत वेळ आहे. मासिकाचा पुढचा अंक त्याआधी निघतो. ते एक वाक्य तू तिथे लिहू शकतोस. किंवा बार्मबेकला जाऊन कुणी न विचारता बोलू शकतोस. त्या तिसऱ्यांदा विचारणार नाहीत, असं म्हणाल्यात. यातलं काहीच केलं नाहीस, तर स्टेजवर त्या काय बोलतील? मला माहीत नाही. मी विचारलं होतं. त्यांनी उलट मलाच विचारलं, कुठला कोट घालू, तपकिरी की निळा.

मी म्हटलं, निळा. लांबून उठून दिसतो.

फेना